अब्राहम बराक सालेम

शनिवारी घाणा बंद ठेवणारे कोकणातले शनवार तेली, म्हणजे बेने इस्रायल, मराठी वाचकाला परके नाहीत. त्यामुळे ज्यू म्हटला की तो गोरा, युरोपीयच असावा, असा समज निदान आपला तरी नसावा. ज्यूंच्या स्वतःच्या घरातही हा गोऱ्या-काळ्याचा प्रश्न किती खोल रुजला होता, हे मात्र कोचीनच्या अब्राहम बराक सालेम यांच्या चरित्रावरून कळते.

कोचीनच्या मट्टणचेरी भागात राजवाड्याच्या भिंतीला लागून इ. स. १५६८ मध्ये बांधलेले परदेशी सिनेगॉग आहे. स्पेन-पोर्तुगालमधून छळामुळे परागंदा झालेल्या व पुढे इतर देशांतून आलेल्या ज्यूंचे हे प्रार्थनास्थान. हे लोक स्वतःस गोरे ज्यू म्हणवीत. त्यांच्याही पूर्वीपासून केरळात नांदणारे मलबारी ज्यू संख्येने अधिक असून त्यांची सिनेगॉगे वेगळी होती. या दोहोंखेरीज तिसरा वर्ग होता तो गोऱ्या ज्यूंच्या घरातील मुक्त केलेल्या दास-दासींचा व त्यांच्या संततीचा. त्यांना मेशुहरारीम, म्हणजे मुक्त केलेले, असे म्हणत. ते परदेशी सिनेगॉगमध्येच प्रार्थनेस येत. पण त्यांनी बसायचे बाहेरच्या दालनात, जमिनीवर. तोरा वाचण्याचा मान त्यांना नाही, गोऱ्यांशी विवाह नाही आणि मृत्यूनंतर दफनभूमीही निराळी. वास्तविक सोळाव्या शतकातच कैरोच्या एका थोर धर्मशास्त्र्याने, विधिपूर्वक स्नान व मुक्ती झालेल्यांस इतर ज्यूंच्या बरोबरीचे मानावे, असा निर्णय दिला होता. शास्त्र अनुकूल आणि रूढी प्रतिकूल, हा अनुभव आपल्याकडे तरी नवा कुठे आहे?

अशा कुळात १८८२ साली सालेम यांचा जन्म झाला. एर्नाकुलम येथे व पुढे मद्रासला शिक्षण घेऊन ते पदवीधर झाले, वकील झाले. कोचीन संस्थानच्या विधिमंडळात १९२५ ते १९३१ आणि पुन्हा १९३९ ते १९४५ असे ते सभासद होते. १९२९ च्या लाहोर काँग्रेसलाही ते उपस्थित राहिले. राज्यकारभारात ज्याचा शब्द ऐकला जाई, त्याला आपल्याच देवघरात बसायला बाक नव्हता!

वायकोमच्या मंदिराभोवतीचे रस्ते सर्वांना खुले व्हावेत म्हणून १९२४-२५ साली झालेला सत्याग्रह कोचीनपासून फार दूर नव्हता. गांधीजींचा तोच मार्ग सालेम यांनी स्वीकारला. काही काळ त्यांनी सिनेगॉगवर बहिष्कार घातला; मग मुलांना घेऊन ते त्याच सिनेगॉगच्या पायऱ्यांवर ठाण मांडून बसू लागले. मलबारी ज्यूंच्या सिनेगॉगमध्ये जाणे सोपे होते. परंतु आपल्या वाडवडिलांनी जेथे प्रार्थना केली तेथेच आपला हक्क, ही त्यांची भूमिका. ज्यू गांधी हे नाव त्यांना लोकांनी दिले ते यामुळेच. बंधने एकेक करून सैल झाली, पण मने सावकाशच बदलली. १९५० साली त्यांच्या एका मुलाचा विवाह गोऱ्या ज्यू घराण्यातील मुलीशी ठरला, तेव्हा विरोधामुळे वधूवरांना मुंबईस येऊन लग्न लावावे लागले.

१९३३ च्या पॅलेस्टाईन प्रवासानंतर सालेम यांना त्या भूमीची ओढ लागली. कोचीनच्या ज्यूंना इस्रायलमध्ये घेण्यास तेथील अधिकारी हत्तीपायाच्या रोगाच्या भीतीने खळखळ करीत होते. त्यांची रदबदली करण्यासाठी १९५३ मध्ये सत्तरी उलटलेले सालेम तेथे गेले. त्यानंतर मलबारी ज्यू बहुसंख्येने निघून गेले. सालेम स्वतः मात्र परत आले.

पुढे, १९६० नंतरच्या काही वर्षांत, तिकडे गेलेल्या बेने इस्रायलांच्या विवाहांना धर्मगुरूंनी हरकत घेतली आणि आपल्या मराठी ज्यूंनाही ज्यूपण सिद्ध करण्याची पाळी आली. ते पूर्ण ज्यू आहेत, असे १९६४ साली इस्रायल सरकारला जाहीर करावे लागले. सालेम तेव्हा हयात होते. १९६७ साली कोचीनमध्येच त्यांचे निधन झाले. पुढल्याच वर्षी परदेशी सिनेगॉगच्या चारशेव्या वर्षाचा समारंभ इंदिरा गांधींच्या उपस्थितीत झाला; तो पाहणे त्यांच्या नशिबी नव्हते. ज्यू टाऊनमधल्या रस्त्याला आज त्यांचे नाव आहे.