ब्राउनीवाली मेरी आजी

कोर्टाने शिक्षा म्हणून समाजसेवा करायला लावली आणि बाईने ती शिक्षा शेवटपर्यंत सोडलीच नाही! अमेरिकेत रुग्णांना औषध म्हणून गांजा मिळावा, यासाठी लढलेल्या एका फटकळ आजीची ही गोष्ट.

सॅन फ्रान्सिस्को शहर. १४ जानेवारी १९८१. पोलिसांनी एका घरावर धाड टाकली. आत सापडला जवळपास आठ किलो गांजा आणि ५४ डझन ब्राउनीज. हिशोब केलात तर ६४८ नग! आणि हा सगळा कारभार कुणाचा? तर डोळ्यांवर मोठा चष्मा असलेल्या, आयुष्यभर हॉटेलात वेट्रेसचं काम केलेल्या ५८ वर्षांच्या एका बाईचा.

पेपरवाल्यांना आयती बातमी मिळाली. त्यांनी तिचं बारसंच करून टाकलं, ब्राउनी मेरी. खरं नाव मेरी जेन रॅथबन. आता गंमत बघा, अमेरिकन बोलीभाषेत गांजालाच मेरी जेन म्हणतात. पण हे नाव तिच्या आईनेच ठेवलेलं, तेही १९२२ मध्ये.

लहानपणापासूनच वाकडी

मेरी जन्मली शिकागोत, वाढली मिनियापोलिसमध्ये. कॅथलिक शाळेत शिकत होती. तेरा वर्षांची असताना एक नन छडी घेऊन मारायला आली, तर ही पोरगी उलट तिलाच भिडली. पुढे लवकरच घर सोडलं आणि वेट्रेसची नोकरी धरली. खाणकामगारांना युनियन करता यावी म्हणून प्रचार कर, स्त्रियांच्या गर्भपाताच्या हक्कासाठी काम कर, असं तिचं चालूच असायचं. चारचौघींसारखं गप्प बसणं तिच्या स्वभावात नव्हतं.

सॅन फ्रान्सिस्कोत आल्यावर लग्न झालं, ते फार टिकलं नाही. १९५५ मध्ये मुलगी झाली, पेगी. पण सत्तरच्या दशकात ही तरुण मुलगी कार अपघातात गेली. मेरी एकटी पडली.

१९७४ मध्ये तिची डेनिस पेरॉनशी ओळख झाली. डेनिस व्हिएतनाम युद्धातून परतलेला, गे आणि गांजावरची बंदी उठावी म्हणून उघडपणे बोलणारा. दोघांची दोस्ती जमली ती कायमची. वेट्रेसच्या पगारात भागेना म्हणून मेरी गांजा घातलेल्या ब्राउनीज बनवून विकायला लागली. हे मुद्दाम सांगायला हवं, कारण सुरुवात काही समाजसेवेने झाली नव्हती. तो सरळसरळ बेकायदा धंदा होता आणि त्यातच ती पकडली गेली.

पाचशे तासांची शिक्षा

मेरीने गुन्हा कबूल केला. कोर्टाने तिला तुरुंगात न पाठवता प्रोबेशनवर सोडलं आणि ५०० तास समाजसेवा करायला लावली. तिने ते ५०० तास अवघ्या दोन महिन्यांत संपवले. ज्या संस्थांमध्ये ती गेली, त्यातली एक होती शांती प्रोजेक्ट. नाव आपल्या शांती या शब्दावरूनच घेतलेलं. असाध्य आजार झालेल्या माणसांना सोबत करणं हे या संस्थेचं काम.

वर्ष लक्षात घ्या, १९८१. त्याच वर्षी जूनमध्ये एका नव्या, विचित्र आजाराची पहिली सरकारी नोंद अमेरिकेत झाली होती. पुढे त्याला एड्स हे नाव मिळालं. सॅन फ्रान्सिस्कोतली तरुण गे मुलं पटापट मरायला लागली. एचआयव्हीची चाचणी यायला १९८५ उजाडलं, पहिलं औषध १९८७ मध्ये आलं. कितीतरी मुलांना घरच्यांनीच तोडलं होतं. मेरी त्यांना माझी पोरं म्हणायची. पेगी गेली होती, आता हीच तिची मुलं.

या मुलांना जेवण जात नसे. सतत मळमळ, उलट्या. वजन इतकं घटायचं की हाडांचा सापळा उरायचा. मेरीच्या लक्षात आलं की ब्राउनी खाल्ली की त्यांची मळमळ थांबते, भूक लागते. झालं! विक्रीसाठी बनणाऱ्या ब्राउनीज आता फुकट वाटल्या जाऊ लागल्या. पेन्शनच्या तुटपुंज्या पैशांतून मैदा-साखर यायची, गांजा ओळखीचे लोक आणून द्यायचे.

डिसेंबर १९८२ मध्ये कॅन्सरच्या एका रुग्ण मित्राला ब्राउनीज द्यायला निघालेली असताना पोलिसांनी तिला पुन्हा पकडलं. तरी ती थांबली नाही. १९८४ पासून ती सॅन फ्रान्सिस्को जनरल हॉस्पिटलच्या वॉर्ड ८६ मध्ये, म्हणजे एड्सच्या ओपीडीत, स्वयंसेविका म्हणून जाऊ लागली. रुग्णांना व्हीलचेअरवरून तपासणीला नेणं, नमुने लॅबमध्ये पोचवणं, शेजारी बसून गप्पा मारणं, पडेल ते काम. १९८६ मध्ये हॉस्पिटलने तिला वर्षातली सर्वोत्तम स्वयंसेविका म्हणून गौरवलं.

आजी विरुद्ध कायदा

अडचण होती १९७० च्या अमेरिकन कायद्याची. त्यात गांजा पहिल्या यादीत, हेरॉइनच्या शेजारी. या यादीचा अर्थच असा की त्याला मान्य औषधी उपयोग नाही. खरं तर १९४० च्या दशकाच्या सुरुवातीपर्यंत अमेरिकेच्या अधिकृत औषधसूचीत गांजाचा अर्क होता. पाश्चात्त्य डॉक्टरांना त्याची नीट ओळख झाली तीही १८३९ च्या सुमारास आपल्या कोलकात्यातून, विल्यम ओ'शॉनेसी या डॉक्टरच्या प्रयोगांमुळे. १९७० नंतर मोजक्या रुग्णांना केंद्र सरकारच खास परवानगीने गांजा पुरवत होतं. पण एड्सच्या रुग्णांचे अर्ज वाढले, तशी १९९२ मध्ये ही योजना नव्या लोकांसाठी बंद झाली.

त्याआधीच दोघांनी शहराच्या मतदारांकडे जायचं ठरवलं होतं. डेनिसचा जोडीदार जोनाथन १९९० मध्ये एड्सने गेला होता. मरणाच्या काही दिवस आधी त्याने कोर्टात येऊन साक्ष दिली होती की पोलिसांनी घरातून जप्त केलेला गांजा आपलाच, आजारावरचा. पुढच्याच वर्षी, १९९१ मध्ये, डॉक्टरांना औषध म्हणून गांजा देता यावा असा ठराव सॅन फ्रान्सिस्कोत मताला टाकला गेला. सुमारे ८० टक्के लोकांनी होकार दिला. पण ती फक्त शहराची शिफारस होती, कायदा तसाच.

जुलै १९९२ मध्ये, उत्तर कॅलिफोर्नियातल्या एका घरात ब्राउनीचं मिश्रण कालवत असतानाच मेरीला तिसऱ्यांदा अटक झाली. वय ६९. दोन्ही गुडघे कृत्रिम. या वेळी मात्र बातमी जगभर गेली. हॉस्पिटलात मरणाऱ्या मुलांसाठी ब्राउनी भाजणाऱ्या आजीला सरकार तुरुंगात टाकणार? सरकारी वकिलांची पंचाईत झाली. खटला टिकला नाही.

ऑगस्टमध्ये शहराच्या सभागृहासमोर तिने साक्ष दिली. औषध म्हणून गांजा बाळगणाऱ्यांना पकडणं हे पोलिसांचं सगळ्यात शेवटचं काम समजावं, असा ठराव शहराने केला. २५ ऑगस्ट हा दिवस ब्राउनी मेरी डे म्हणून जाहीर झाला. वॉर्डातले डॉक्टर डोनाल्ड अब्राम्स तिला ओळखत होतेच. या अटकेनंतर त्यांनी हा विषय संशोधनासाठी हाती घेतला. पण सरकारी परवानगी आणि गांजा मिळवायलाच त्यांना पाच वर्षं लागली.

डेनिस आणि मेरीने रुग्णांसाठी कॅनाबिस बायर्स क्लब काढला. मग लाखो सह्या गोळा करून राज्यव्यापी मतदान घ्यायला लावलं. ५ नोव्हेंबर १९९६ रोजी सुमारे ५६ टक्के मतांनी प्रपोझिशन २१५ मंजूर झालं. डॉक्टरांच्या शिफारशीवर गांजा वापरू देणारं कॅलिफोर्निया हे पहिलं राज्य ठरलं.

जादूची कांडी नव्हे

आता दुसरी बाजूही बघू. ब्राउनीने एकाचाही एड्स बरा केला नाही. मुलं वाचायला लागली ती १९९६ पासून आलेल्या एकत्रित औषधोपचारामुळे. अब्राम्स यांच्या अभ्यासाचे निष्कर्ष २००३ मध्ये छापून आले. त्यांचा दावाही मर्यादित होता. थोड्या काळाच्या वापराने एचआयव्हीच्या विषाणूंचं प्रमाण वाढलेलं दिसलं नाही, इतकंच. आणि कोवळ्या वयात नियमित गांजा ओढल्याने मेंदूवर होणारा परिणाम ही डॉक्टरांची आजही मोठी काळजी आहे. हॉस्टेलच्या गच्चीवरच्या पार्टीला मेरी आजीचं नाव देता येणार नाही.

आपल्याकडे १९८५ च्या एनडीपीएस कायद्याने गांजा बाळगणं गुन्हा आहे. पण रुग्णाचं काय, हा मेरीचा प्रश्न इथेही आला, वेगळ्या औषधाच्या रूपात. त्याच कायद्यातल्या परवान्यांच्या जंजाळामुळे कॅन्सरच्या वेदनांवरचं मॉर्फिन हॉस्पिटलांना मिळेनासं झालं. दुकानदार ठेवायला घाबरू लागले, रुग्ण तळमळत राहिले. केरळचे डॉ. एम. आर. राजगोपाल आणि त्यांच्यासारखे डॉक्टर, स्वयंसेवक वर्षानुवर्षं सरकारदरबारी खेटे घालत राहिले, प्रकरण सुप्रीम कोर्टात गेलं. शेवटी २०१४ मध्ये कायद्यात दुरुस्ती झाली. नशेवरचा धाक राहिला आणि औषधाची वाट थोडी मोकळी झाली.

मेरी १० एप्रिल १९९९ रोजी हृदयविकाराने गेली, ७६ व्या वर्षी. शेवटी ती लगुना होंडा हॉस्पिटलात होती. शहराच्या कॅस्ट्रो भागात तिच्यासाठी मेणबत्त्या घेऊन सुमारे ३०० माणसं जमली. त्यात शहराचा मुख्य सरकारी वकीलही होता. अशाच वकिलांनी तिला एकेकाळी आरोपी म्हणून उभं केलं होतं. हा मात्र श्रद्धांजली वाहायला आला होता.

तिची ती ब्राउनीची रेसिपी? तिच्या नावाने पाककृतींचं पुस्तक निघालं, पण त्यातही तिने ती दिली नाही. ती तिच्याबरोबरच गेली.