मालगुडी वसवणारा प्रवासी

दिग्रस : १९८६ साली दूरदर्शनवर दोन मालिका आल्या. श्याम बेनेगल यांच्या ‘यात्रा’त हिमसागर एक्स्प्रेस कन्याकुमारीहून जम्मूकडे निघाली आणि गाडीच्या खिडकीतून अवघा देश दिसू लागला. दुसरीत, ‘मालगुडी डेज’मध्ये, एका लहानशा गावातून पाय निघत नव्हता. दिग्रसला त्या वेळी रेल्वे नव्हती. आगगाडी पाहायची तर दारव्ह्याला जाऊन वाफेवर धावणारी ‘शकुंतला’ पाहावी लागे. (वर्धा-यवतमाळ-नांदेड मार्गाच्या आराखड्यात दिग्रसचे नाव पुढे आले, त्यातला वर्धा-कळंब हा पहिला टप्पा २०२४ मध्ये सुरू झाला.) त्यामुळे मालगुडीचे रेल्वे स्थानक येथील प्रेक्षकाला अधिकच जवळचे वाटले असेल, तर नवल नाही.

पुढे ही मालिका डीव्हीडीवर आली. सवडीने, हवा तो भाग हवा तेव्हा पाहण्याची सोय झाल्यावर श्रेयनामावलीतले एक नाव थांबून वाचावेसे वाटते : दिग्दर्शक शंकर नाग. कन्नड चित्रपटांतील लोकप्रिय नायक एवढीच त्यांची ओळख आपल्याकडे उरली आहे. हा कलावंत मुंबईच्या मराठी रंगभूमीवर घडला, याची आठवण मात्र क्वचितच कोणी काढते.

९ नोव्हेंबर १९५४ रोजी उत्तर कन्नड जिल्ह्यातील होन्नावर परिसरात, कोकणी बोलणाऱ्या कुटुंबात त्यांचा जन्म झाला. घराण्याचे आडनाव नागरकट्टे. थोरले बंधू अनंत नाग यांच्यापाठोपाठ तेही मुंबईत आले. दिवसा बँकेतील नोकरी आणि संध्याकाळी नाटकाची तालीम, असा त्या काळातील असंख्य हौशी रंगकर्मींचा दिनक्रम त्यांच्याही वाट्याला आला. पुढे पत्नी झालेल्या अरुंधती राव यांची भेटही मुंबईच्या रंगभूमीवरचीच. चापेकर बंधूंवरील ‘२२ जून १८९७’ या गाजलेल्या मराठी चित्रपटाच्या लेखनात शंकर नाग यांचा वाटा होता. मराठी चित्रपटाची चर्चा होते तेव्हा या चित्रपटाचे नाव निघते, नाग यांचे निघत नाही.

गिरीश कार्नाड यांच्या ‘ओंदानोंदु कालदल्ली’ (१९७८) या चित्रपटाने त्यांना कर्नाटकात नेले. भाडोत्री योद्ध्याच्या या भूमिकेसाठी १९७९ च्या भारताच्या आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सवात त्यांना सर्वोत्कृष्ट अभिनेत्याचा पुरस्कार मिळाला. त्यानंतरच्या जेमतेम बारा वर्षांत त्यांनी ऐंशीहून अधिक चित्रपट केले. त्यांतील बरेचसे निव्वळ धंदेवाईक होते, हे मान्य करायला हवे. परंतु त्या कमाईतूनच नाटक, ध्वनिमुद्रणगृह आणि स्वतःच्या मनातले चित्रपट उभे राहिले.

त्यांच्या कामात रस्ता आणि वाहन वारंवार येतात. दिग्दर्शक म्हणून पहिला चित्रपट ‘मिंचिन ओट’ (१९८०) मोटारी चोरणाऱ्यांचा. त्याच वर्षीच्या ‘ऑटो राजा’ने त्यांना रिक्षाचालकांचे दैवत केले. ‘ॲक्सिडेंट’ (१९८४) या चित्रपटात बड्या घरच्या मुलाची बेभान मोटार पदपथावर झोपलेल्या गरिबांना चिरडते आणि सत्ता ते प्रकरण दडपू पाहते. त्यात पाठपुरावा करणाऱ्या पत्रकाराची भूमिका नाग यांनी स्वतः केली. या चित्रपटाला राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. बंगळूरला मेट्रो रेल्वे हवी, याचा ध्यास त्यांनी ऐंशीच्या दशकात घेतला होता. तेथील मेट्रो प्रत्यक्षात धावली ती २०११ मध्ये.

सतत धावणाऱ्या या माणसाने ‘मालगुडी’साठी मात्र गाठले ते शिवमोग्गा जिल्ह्यातील पावसाळी आगुंबे. आर. के. नारायण यांचे मालगुडी कोणत्याही नकाशावर नाही. ते उभे करायचे म्हणजे वाचकांच्या मनातील हजारो मालगुडींशी स्पर्धा. नाग यांनी भव्य देखावे टाळले. जुने वाडे, कौलारू घरे, ओले रस्ते आणि घाई नसलेली माणसे त्यांना पुरली. शीर्षकाला आर. के. लक्ष्मण यांची रेखाचित्रे आणि एल. वैद्यनाथन यांचे संगीत लाभले. मास्टर मंजुनाथ यांचा स्वामी आणि गिरीश कार्नाड यांनी साकारलेले त्याचे वडील आजही ताजे वाटतात.

सलग पाहताना लक्षात येते ते दिग्दर्शकाचे संयमन. लग्नघर विस्कटू नये म्हणून मृत्यूची वार्ता दडवून ठेवणारा पोस्टमन असो की जत्रेत बक्षीस म्हणून रस्ता दाबण्याचे अवजड इंजिन पदरात पडलेला, ते जागचे हलवता हलवता जेरीस आलेला गृहस्थ असो, कॅमेरा त्यांच्याकडे पाहून हसत नाही, हळहळतही नाही. दर आठवड्याला एक भाग पाहण्याच्या काळात ही गोष्ट निसटून गेली असावी. अशा ३९ भागांचे दिग्दर्शन नाग यांनी केले. २००६ मध्ये कविता लंकेश यांनी आणखी १५ भाग केले. ते नेटके आहेत, पण आगुंबेतील तो ओलावा त्यांत जाणवत नाही.

३० सप्टेंबर १९९० च्या पहाटे ‘जोकुमारस्वामी’च्या चित्रीकरणासाठी पत्नी व लहान मुलीसह ते मोटारीने निघाले होते. पुणे-बंगळूर महामार्गावर दावणगेरेजवळ आनगोडू येथे मोटारीला अपघात झाला. मायलेकी वाचल्या; शंकर नाग गेले. वय अवघे ३५ वर्षे.

अरुंधती नाग यांच्या प्रयत्नांतून २००४ मध्ये बंगळूरला ‘रंगशंकरा’ हे नाट्यगृह उभे राहिले. शिवमोग्ग्याजवळच्या अरसाळू स्थानकाच्या जुन्या इमारतीत, जेथे मालिकेचे चित्रीकरण झाले होते, २०२० मध्ये मालगुडी संग्रहालय सुरू झाले. आणि कर्नाटकातील कितीतरी रिक्षांवर ‘ऑटो राजा’चे छायाचित्र नायकाच्या मृत्यूनंतरही अनेक वर्षे रस्तोरस्ती फिरत राहिले.