डहाणूचे कापरेकर, ६१७४ आणि हरवणारं शून्य

गोखिवऱ्यातून वसई रोड स्टेशन गाठलं आणि डहाणू लोकल पकडली, की शेवटचं स्टेशन डहाणू रोड. आज आपल्याच पालघर जिल्ह्यात असलेल्या या डहाणूत १७ जानेवारी १९०५ रोजी दत्तात्रेय रामचंद्र कापरेकर यांचा जन्म झाला. शाळा ठाण्यात, कॉलेज पुण्याच्या फर्ग्युसनमध्ये, १९२९ मध्ये मुंबई विद्यापीठाची बी.एस्सी. पुढची डिग्री नाही. १९३० पासून १९६२ मध्ये निवृत्त होईपर्यंत ते नाशिकजवळच्या देवळालीत शाळेत शिकवत होते. नाद एकच, आकड्यांशी खेळायचं.

त्यांचा सगळ्यात गाजलेला खेळ असा: चार अंकी संख्या घ्या, फक्त चारही अंक सारखे नकोत. अंक आधी उतरत्या, मग चढत्या क्रमाने लावा आणि मोठीतून लहान वजा करा. उत्तरावर पुन्हा तेच. जास्तीत जास्त सात पायऱ्यांत ६१७४ येतं आणि मग तेच येत राहतं.

आता हे जावास्क्रिप्टमध्ये करू. अंक क्रमाने लावायला संख्येची स्ट्रिंग करावी लागते. वजाबाकीच्या वेळी भाषा त्या स्ट्रिंगचा न सांगता नंबर करते. (बेरजेचं चिन्ह दिलंत तर मात्र दोन्ही स्ट्रिंग नुसत्या जोडल्या जातात.)

१००० घ्या. १००० वजा ०००१ म्हणजे ०९९९. पण नंबर होताना पुढचं शून्य उडतं, उरतं ९९९. मग ९९९ वजा ९९९, उत्तर शून्य. खेळ खलास! कापरेकरांच्या पद्धतीत ते शून्यही अंकच असतं. म्हणून पुढे ८९९१, ८०८२, ८५३२ आणि ६१७४.

उपाय आहे पॅडस्टार्ट हे स्ट्रिंग फंक्शन. पहिलं आर्ग्युमेंट लांबी, म्हणजे ४. दुसरं, कशाने भरायचं ते, ऐच्छिक आहे. ते दिलं नाही तर शून्याऐवजी स्पेस भरली जाते. वजाबाकीत ती स्पेस गुपचूप गळते आणि उत्तर पुन्हा शून्य. एररसुद्धा येत नाही! म्हणून दुसरं आर्ग्युमेंट शून्य द्याच.

कापरेकरांना देशातल्या गणितज्ञांनी फारसं मनावर घेतलं नाही. बरेच लेख छोट्या मासिकांत आले, काही त्यांनी स्वतःच छापले. पेन्शन पुरेना म्हणून निवृत्तीनंतर शिकवण्या घेतल्या. १९७५ मध्ये मार्टिन गार्डनर यांनी सायंटिफिक अमेरिकनमधल्या आपल्या सदरात त्यांच्यावर लिहिलं, तेव्हा जगभर नाव झालं. तोवर वय सत्तर. १९८६ मध्ये ते गेले. ६१७४ ला आज जगभर कापरेकर स्थिरांक म्हणतात.