बालाचडीचे बापू
(जामसाहेब दिग्विजयसिंहजी यांचे जीवन)

रणजी करंडकामुळे नवानगरच्या जामसाहेब रणजितसिंहजींचे नाव घराघरांत पोहोचले. त्यांच्या मागून गादीवर आलेले त्यांचे पुतणे दिग्विजयसिंहजी मराठी वाचकाला फारसे परिचित नाहीत. तरीही दूर युरोपातील पोलंड या देशात आज काकांपेक्षा पुतण्याचेच नाव अधिक आदराने घेतले जाते. गाव सोडून परमुलखात राहण्याचा अर्थ काय, हे आपणा मंडळींना थोडेबहुत ठाऊक आहे. म्हणूनच मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी अंकात या पुरुषाचे चरित्र अस्थानी ठरू नये.

दिग्विजयसिंहजींचा जन्म १८ सप्टेंबर १८९५ रोजी काठियावाडातील सडोदर येथे जाडेजा राजपूत घराण्यात झाला. रणजितसिंहजींना अपत्य नव्हते; त्यांनी या पुतण्याला दत्तक घेतले. यात एक विलक्षण योग आहे. खुद्द रणजितसिंहजीही लहानपणी नवानगरच्या गादीसाठी दत्तक निवडले गेले होते, पुढे ती निवड रद्द झाली, आणि गादी हाती येण्यास १९०७ साल उजाडले. दत्तक मुलाचे स्थान किती नाजूक असते, हे या घराला अनुभवाने माहीत होते. दिग्विजयसिंहजींचे शिक्षण राजकोटच्या राजकुमार कॉलेजात व नंतर इंग्लंडमध्ये झाले. १९१९ ते १९३१ अशी बारा वर्षे त्यांनी लष्करात नोकरी केली. १९३३ च्या एप्रिलमध्ये रणजितसिंहजी निवर्तले आणि लष्करातला हा अधिकारी नवानगरचा जामसाहेब झाला. पुढे क्रिकेट नियामक मंडळाचे अध्यक्षपद, नरेंद्रमंडळाचे कुलपतिपद, युद्धकाळात लंडनच्या युद्धमंत्रिमंडळात हिंदुस्थानचे प्रतिनिधित्व अशी मानाची पदे त्यांच्याकडे चालत आली. ही यादी वाचून कोणालाही वाटेल, की हा ब्रिटिश सत्तेच्या मर्जीतला एक संस्थानिक असावा. तसा तो होताही. त्यात लपविण्याजोगे काही नाही.

परंतु १९४२ साली जे घडले त्याचा उलगडा एवढ्याने होत नाही.

१९३९ च्या सप्टेंबरात पोलंडवर पश्चिमेकडून जर्मनी आणि पूर्वेकडून सोव्हिएत रशिया चालून गेले. पूर्व पोलंडातील लक्षावधी माणसांना, त्यांत शेतकरी, शिक्षक, शिपाई यांच्या बायकामुलांना, गुरांच्या डब्यांत कोंबून सैबेरिया व कझाकस्तान येथे हलविण्यात आले. भुकेने, थंडीने आणि रोगाने आईबाप गेले, मुले उरली. १९४१ च्या जून महिन्यात हिटलरने रशियावर स्वारी केली, तेव्हा जुलैअखेर रशिया व पोलंडचे परागंदा सरकार यांच्यात करार झाला आणि या बंदिवानांना मोकळीक मिळाली. मोकळीक मिळाली, पण जायचे कोठे? मायदेश शत्रूच्या टाचेखाली होता. अनाथ मुले अश्गाबाद येथे गोळा होऊ लागली.

एक जहाज मुलांना घेऊन बंदरोबंदर भटकत होते, कोणी थारा देईना, अखेर जामसाहेबांनी ते आपल्या बंदरात घेतले, अशी एक हृद्य कथा अलीकडे पुष्कळ सांगितली जाते. कथा हृद्य असली तरी पहिल्या तुकडीची खरी वाट निराळी होती. मुंबईहून मदतीचे सामान घेऊन अश्गाबादला गेलेल्या मालमोटारी परत येताना मुले घेऊन आल्या. मेशेद, झाहेदान, क्वेट्टा असा इराण व बलुचिस्तानातील डोंगरवाळवंटाचा तो रस्ता होता. पोलंडची प्रसिद्ध गायिका हांका ओर्डोनुव्हना या मुलांसोबत होती. १९४२ च्या एप्रिलमध्ये दीडशेहून अधिक मुले मुंबईस पोहोचली व काही महिने वांद्रे येथे राहिली.

अडचण पैशाची आणि जागेची होती. हिंदुस्थान सरकारला या मुलांचा भार तिजोरीवर नको होता. अशा वेळी जामसाहेबांनी आपल्या संस्थानात जागा देऊ केली. जामनगरपासून सुमारे पंचवीस किलोमीटरवर समुद्रकाठी बालाचडी म्हणून ठिकाण आहे. तेथे त्यांचा उन्हाळी राजवाडा होता. त्याच्याजवळच्या माळावर मुलांसाठी छावणी उभी राहिली. नरेंद्रमंडळाचे कुलपती या नात्याने त्यांनी अन्य संस्थानिकांनाही मदतीस प्रवृत्त केले. टाटांसारख्या घराण्यांनीही हातभार लावला. रणजितसिंहजी १९२० साली राष्ट्रसंघात गेले असता पोलंडचे थोर पियानोवादक व मुत्सद्दी पाडेरेव्स्की यांच्याशी त्यांचा परिचय झाला आणि त्यातून या घराण्यात पोलंडविषयी आपुलकी उत्पन्न झाली, असे सांगतात.

जुलै १९४२ मध्ये मुले बालाचडीस आली. हाडांचे सापळे झालेली, केस कापलेली, कोणावरही विश्वास न टाकणारी ही पोरे. उशाखाली पाव लपवून ठेवण्याची सवय उपासमारीतून आलेल्या मुलांना सहजी सुटत नाही. जामसाहेब त्यांना सामोरे गेले आणि यापुढे आपण अनाथ आहोत असे समजू नका, नवानगरच्या प्रजेचा मी बापू आहे तसाच तुमचाही, या आशयाचे आश्वासन त्यांनी दिले. बापू म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे गांधीजी येतात. काठियावाडात मात्र दरबारी पुरुषाला लहानथोर सारे बापू म्हणूनच हाक मारतात. मुलांनी तो शब्द उचलला आणि म्हातारपणापर्यंत सोडला नाही.

आश्रय म्हणजे डोक्यावर कौले आणि पुढ्यात थाळी, एवढाच अर्थ त्यांनी केला असता तरी कोणी दोष दिला नसता. त्यांचे मोठेपण पुढच्या गोष्टीत आहे. या मुलांना त्यांनी काठियावाडी करण्याचा प्रयत्न केला नाही, इंग्रजही केले नाही. शाळा पोलिश भाषेत चालली. शिक्षक पोलिश, प्रार्थनामंदिर त्यांच्या धर्माचे, छावणीचे प्रमुख फादर फ्रान्चिशेक प्लुता हे पोलिश धर्मगुरू, आणि मैदानावर ध्वज पोलंडचा. बालवीरांची पथके निघाली, नाटके बसली, आणि ती पाहावयास जामसाहेब स्वतः येऊन बसत. एकदा पालकाची भाजी वारंवार ताटात येते म्हणून मुलांनी चक्क संप केला. हे जामसाहेबांच्या कानी गेले तेव्हा त्यांनी आचाऱ्यांना पालक बंद करावयास सांगितले. छोटीशी हकीकत, परंतु ज्या मुलाला काल घासभर अन्नासाठी हात पसरावा लागत होता, तो आज ताटावर रुसू शकतो, यासारखी प्रकृती सुधारल्याची दुसरी खूण नाही.

येथे एक प्रश्न टाळणे अप्रामाणिकपणाचे होईल. त्याच १९४२ साली ब्रह्मदेशातून लाखो हिंदी माणसे आसामच्या जंगलांतून पायपीट करीत येत होती, आणि पुढच्याच वर्षी बंगालच्या दुष्काळाने लाखोंचे प्राण घेतले. घरच्यांची ही दैना असताना परक्यांसाठी एवढे का, असे तेव्हा कोणी म्हटले असेल तर ते निर्दयपणाने म्हटले असे समजू नये. साम्राज्याच्या मित्रराष्ट्राला मदत केल्याने दरबारी वजन वाढते, हाही हेतू असू शकेल. प्रस्तुत लेखकाला इतकेच वाटते, की वजन वाढविण्यासाठी देणगीचा आकडा पुरला असता; पालकाच्या भाजीची दखल घ्यावी लागली नसती.

बालाचडी हे लहान मुलांचे घर होते. तेथे सहाशेहून अधिक मुले राहून गेली. कुटुंबांसाठी मोठी वसाहत १९४३ मध्ये आपल्या कोल्हापुराजवळ वळिवडे येथे वसली. पाचेक हजार पोलिश माणसे, बहुतेक स्त्रिया, मुले आणि वृद्ध, पंचगंगेच्या त्या परिसरात राहिली. प्रकृती नाजूक असलेल्यांसाठी पाचगणीस सोय होती. १९४६ च्या अखेरीस बालाचडीची छावणी बंद झाली, तेव्हा उरलेली मुले वळिवड्यासच आली. १९४८ मध्ये तीही वसाहत उठली आणि रिकाम्या घरांत फाळणीने उखडलेली सिंधी कुटुंबे राहावयास आली. आजचे गांधीनगर ते हेच. पोरक्यांनी सोडलेल्या ओसरीवर दुसऱ्या पोरक्यांनी पथारी पसरली.

युद्ध संपल्यावर पोलंडमध्ये रशियाच्या वर्चस्वाखालील राजवट आली आणि मुलांना परत धाडावे अशी मागणी होऊ लागली. ज्या सत्तेने आईबाप नेले, तिच्याच छायेत जाण्यास अनेक मुले तयार नव्हती. तेव्हा जामसाहेब, फादर प्लुता व एक ब्रिटिश अधिकारी यांनी मुलांना कायदेशीर दत्तक घेऊन ही मागणी निष्फळ केली, अशी हकीकत या विषयाच्या अभ्यासकांनी नोंदविली आहे. दत्तक म्हणून गादीवर आलेल्या माणसाला हा उपाय सुचावा, यात नवल नाही.

पुढील आयुष्य थोडक्यात सांगता येईल. काठियावाडातील संस्थानांचा वेगळा संघ करण्याचे विचार त्यांच्या मनात काही काळ घोळत होते; सरदार पटेलांनी त्यांचे मन वळविले आणि मग ते विलीनीकरणाचे खंदे पुरस्कर्ते झाले. नोव्हेंबर १९४७ मध्ये सरदारांसमवेत सोमनाथला असताना मंदिराच्या उभारणीसाठी त्यांनी एक लाख रुपये जाहीर केले. १९४८ साली स्थापन झालेल्या सौराष्ट्राचे ते राजप्रमुख झाले. १९५६ मध्ये ते राज्य द्वैभाषिक मुंबईत मिळाले, म्हणजे काही वर्षे का होईना, जामनगर आणि कोल्हापूर एकाच राज्यात नांदले. संयुक्त राष्ट्रसंघातही त्यांनी भारताच्या वतीने काम केले. ३ फेब्रुवारी १९६६ रोजी मुंबई येथे त्यांचे देहावसान झाले.

या उपकाराची परतफेड कशी करावी, असे पोलंडचे पंतप्रधान सिकोर्स्की यांनी विचारले असता, स्वतंत्र वॉर्सात एखाद्या रस्त्याला माझे नाव द्या, एवढेच जामसाहेबांनी मागितले, असे सांगतात. ते त्यांच्या हयातीत घडणे शक्यच नव्हते. १९८९ नंतर पोलंड मोकळा झाला. वॉर्सातील एका नामवंत शाळेला त्यांचे नाव मिळाले, शहरातील एक चौक भल्या महाराजांचा चौक म्हणून ओळखला जाऊ लागला आणि तेथे त्यांचे स्मारक उभे राहिले. इंग्लंड, अमेरिका, पोलंड असे जगभर विखुरलेले ते जुने विद्यार्थी पांढऱ्या केसांनी बालाचडीस येऊन गेले. छावणीच्या जागी १९६५ पासून सैनिकी शाळा आहे. तिच्या आवारात त्यांनी आपल्या आठवणीची एक शिला बसविली आहे, आणि सकाळी कवायतीला निघालेली मुले तिच्यावरून जातात.