क्रांतिसिंह आणि गावोगावचा निरोप

विश्रामबागेतून कुंडलला किंवा वाळव्याला एस.टी.ने सहज जाता येते. १९४३ पासून याच मुलखात क्रांतिसिंह नाना पाटलांचे प्रतिसरकार चालले. टपाल आणि तार इंग्रजांच्या हाती. मग या सरकारचा निरोप जाई कसा?

नानांचा जन्म ३ ऑगस्ट १९०० चा. तलाठ्याची नोकरी सोडून १९३० मध्ये ते चळवळीत उतरले. गावची खबर तालुक्याला कशी पोचते, हे तलाठ्याइतके कोणास ठाऊक असणार? ते ज्ञान पुढे कामी आले असावे, असे मला वाटते.

भूमिगत नानांचा मुक्काम सतत हलता. तो साथीदारांना कळावा, पोलिसांना कळू नये! निरोप माणसांच्या पायांनीच जात. त्यांच्या कन्या हौसाताईही बातम्या पोचवीत. भवानीनगरच्या पोलीस ठाण्यासमोर त्यांनी नवऱ्याकडून मार खाण्याचे सोंग केले. शिपाई सोडवायला धावले, तेवढ्यात साथीदारांनी आतल्या बंदुका लांबविल्या.

पण निरोप नेणारा जसा गावातला, तसा फोडणाराही गावातलाच. फितुरांच्या तळपायांवर काठ्या बसत. 'पत्री सरकार' हे नाव त्यावरूनच पडले, असे सांगतात. ही शिक्षा माझ्या मनाला बोचते. मात्र एका फितुरीने किती घरे उठली असती, तेही दिसते.

१९४६ मध्ये नाना उघडपणे लोकांत आले. १९५७ आणि १९६७ मध्ये लोकसभेवर निवडून गेले. ६ डिसेंबर १९७६ रोजी त्यांचे निधन झाले. अंत्यसंस्कार वाळव्यालाच झाले.