स्वगत पेलणारा नट : गणपतराव जोशी

नांदेडचे स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ असो वा लातूरचे एखादे महाविद्यालय, नाट्यशास्त्राच्या विद्यार्थ्याला कधी ना कधी हॅम्लेटच्या स्वगताला सामोरे जावेच लागते. जगावे की मरावे, या प्रश्नाला मराठी रंगभूमीवर पहिल्यांदा समर्थ स्वर दिला तो नटवर्य गणपतराव जोशी यांनी.

1867 साली जन्मलेल्या गणपतरावांचे शालेय शिक्षण बेताचेच. इंग्रजीचा गंध नव्हता. लहान वयातच ते नाटकाकडे ओढले गेले आणि शाहूनगरवासी नाटक मंडळीत त्यांचे नाव झाले. 1880 साली अण्णासाहेब किर्लोस्करांचे ‘शाकुंतल’ आले आणि प्रेक्षक संगीत नाटकाच्या नादी लागला होता. अशा काळात गाण्याचा आधार न घेता केवळ गद्याच्या बळावर नाट्यगृह भरवायचे, हे शाहूनगरवासीपुढचे आव्हान होते.

गोपाळ गणेश आगरकरांनी ‘हॅम्लेट’चे ‘विकारविलसित’ हे भाषांतर 1883 साली प्रसिद्ध केले. 1882 साली डोंगरीच्या तुरुंगात 101 दिवस काढताना त्यांनी या कामाला हात घातला होता. नाटकाचा नायक मराठीत चंद्रसेन झाला. ही भूमिका गणपतरावांकडे आली तेव्हा प्रा. वासुदेव बाळकृष्ण केळकर आणि खुद्द आगरकर त्यांच्या पाठीशी उभे राहिले. शेक्सपिअर मुळातून वाचू न शकणाऱ्या तरुण नटाला त्यांनी प्रसंगाचा अर्थ आणि चंद्रसेनाच्या मनाची घालमेल समजावून दिली. गणपतरावांची आकलनशक्ती विलक्षण होती. सांगितलेले त्यांनी नुसते पाठ केले नाही, तर पचवले.

स्वगताची खरी कसोटी तेथेच असते. समोर दुसरे पात्र नसते, टाळीसाठी आवाज चढवण्याचा मोह असतो. विचार जणू त्याच क्षणी सुचतो आहे, असे प्रेक्षकाला वाटावे लागते. ध्वनिवर्धक नसलेल्या त्या काळात मनातले बोलणे शेवटच्या रांगेपर्यंत पोहोचवायचे, पण त्याचे भाषण होऊ द्यायचे नाही, ही कसरत गणपतरावांनी साधली. ‘झुंजारराव’, केळकरांच्या ‘त्राटिका’तील प्रतापराव आणि ‘तुकाराम’ याही भूमिका त्यांनी गाजवल्या. त्राटिकेच्या भूमिकेत बाळाभाऊ जोग असत. रसिकांनी गणपतरावांना महाराष्ट्राचा गॅरिक म्हटले.

यशाला मात्र दृष्ट लागली. मद्याच्या व्यसनाने त्यांना ग्रासले. जोगांच्या मृत्यूनंतर मंडळीची घडीही विस्कटली. 1922 साली गणपतरावांचे निधन झाले.

नांदेडच्या डॉ. शंकरराव चव्हाण प्रेक्षागृहात राज्य नाट्य स्पर्धेसाठी उभ्या राहणाऱ्या नवोदिताला आज चित्रफिती आणि ध्वनिमुद्रणे सहज उपलब्ध आहेत. गणपतरावांपाशी यातले काही नव्हते. होते ते समजावून सांगणारे दोन गुरू आणि समजल्याशिवाय न बोलण्याचा निश्चय. नक्कल करण्याची सोय नसल्यामुळेच त्यांना अर्थापर्यंत जावे लागले, आणि चंद्रसेन त्यांचा स्वतःचा झाला.