साताऱ्याचे क्रांतिसिंह बीडचे खासदार झाले, पण त्यांची पाच वर्षं चारच वर्षांत का संपली?

पक्ष फुटला, युती कुरकुरली किंवा एखादा नेता नाराज होऊन गावी जाऊन बसला, की महाराष्ट्रात एक चर्चा हमखास सुरू होते. मुदतपूर्व निवडणूक लागणार का? मग चहाच्या टपरीवर आकड्यांची जुळवाजुळव होते आणि इच्छुकांच्या गाड्या गावोगाव फिरायला लागतात.

पण मुदतपूर्व निवडणूक लागली, तर मतदारांनी पाच वर्षांसाठी पाठवलेल्या माणसाचं काय होतं? याचं उत्तर बीड जिल्ह्याच्या इतिहासात सापडतं, आणि तो माणूसही साधासुधा नव्हता. बीडचे खासदार म्हटलं की आपल्याला केशरकाकू क्षीरसागर आठवतात, गोपीनाथ मुंडे आठवतात. त्याच यादीत १९६७ सालासमोर एक नाव आहे, नाना रामचंद्र पाटील. म्हणजेच प्रतिसरकारचे क्रांतिसिंह नाना पाटील.

तलाठी ते प्रतिसरकार

नाना पाटलांचा जन्म ३ ऑगस्ट १९०० चा. गाव येडेमच्छिंद्र, तालुका वाळवा. तेव्हा हा भाग सातारा जिल्ह्यात होता, आज सांगलीत आहे. घरची परिस्थिती शेतकऱ्याची. शिक्षण झाल्यावर ते तलाठी झाले. त्या काळी खेड्यात तलाठी म्हणजे सरकारचाच माणूस. १९३० मध्ये सविनय कायदेभंगाची चळवळ सुरू झाली आणि नानांनी नोकरी सोडली. तिथून पुढं त्यांच्या तुरुंगाच्या वाऱ्या सुरू झाल्या.

१९४२ च्या चले जाव आंदोलनात मोठे नेते तुरुंगात गेले. नाना भूमिगत झाले. साताऱ्याच्या ग्रामीण भागात १९४३ पासून जे उभं राहिलं, त्याला प्रतिसरकार म्हणतात. इंग्रजांच्या सरकारला समांतर असं गावकऱ्यांचं सरकार. त्यात गावातले तंटे गावातच मिटवणारी न्यायदान मंडळं होती, तुफान सेना होती आणि कमी खर्चात लागणारी गांधी लग्नं होती. जी. डी. बापू लाड, नागनाथअण्णा नायकवडी यांच्यासारखे तरुण यात पुढं होते.

लोक त्याला पत्री सरकारही म्हणायचे. गुंड आणि पोलिसांचे खबरे यांच्या तळपायावर काठीचे फटके द्यायचे, त्याला लोक पत्री मारणं म्हणत. बैलाला पत्री ठोकतात तसंच. त्यावरून हे नाव पडल्याचं सांगतात. या शिक्षेवर तेव्हाही टीका झाली, पुढंही होत राहिली.

१९४६ मध्ये मुंबई प्रांतात काँग्रेसचं मंत्रिमंडळ आलं, वॉरंट मागं घेतली गेली आणि नाना उघडपणे लोकांसमोर आले. मतपेटी न ठेवता त्यांनी लोकांच्या भरवशावर सरकार चालवून दाखवलं होतं. मतपेटीशी त्यांची गाठ पडायला अजून वेळ होता.

मग ते बीडला कसे आले?

स्वातंत्र्यानंतर नाना काँग्रेसमध्ये राहिले नाहीत. शेतकऱ्यांच्या प्रश्नावर ते आधी शेतकरी कामगार पक्षात आणि पुढं भारतीय कम्युनिस्ट पक्षात गेले. १९५७ च्या निवडणुकीत संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीचा जोर होता. पश्चिम महाराष्ट्रात काँग्रेसला मोठा फटका बसला आणि नाना सातारा मतदारसंघातून लोकसभेवर निवडून गेले. धोतर, फेटा आणि रांगडी गावरान मराठी घेऊन दिल्लीत वावरलेला खासदार म्हणून त्यांच्या आठवणी आजही सांगितल्या जातात.

१ मे १९६० ला महाराष्ट्र झाला आणि समितीला एकत्र ठेवणारा मुद्दाच संपला. १९६२ मध्ये साताऱ्यातून काँग्रेसचे किसन वीर निवडून आले. तेही बेचाळीसच्या लढ्यातलेच.

१९६७ मध्ये कम्युनिस्ट पक्षानं नानांना बीडमधून उभं केलं. आता प्रश्न पडतो की साताऱ्याच्या माणसाला बीडनं का निवडून द्यावं? त्यासाठी थोडं मागं जावं लागतं.

बीड तेव्हा निजामाच्या हैदराबाद संस्थानात होतं. १७ सप्टेंबर १९४८ ला संस्थान भारतात आलं आणि १९५६ मध्ये मराठवाडा मुंबई राज्याला जोडला गेला. निजामाविरुद्धच्या लढ्यात डाव्या कार्यकर्त्यांनी इथं पाय रोवले होते. १९५२ च्या पहिल्या निवडणुकीत हैदराबादमध्ये कम्युनिस्टांनी पीपल्स डेमोक्रॅटिक फ्रंट या नावानं निवडणूक लढवली आणि बीडचा पहिला खासदार याच फ्रंटचा झाला. नंतरच्या दोन निवडणुका काँग्रेसनं जिंकल्या, तरी डाव्यांचं काम थांबलं नव्हतं.

त्यात नानांचं नाव. जुलमी सत्तेविरुद्ध लढलेल्या शेतकऱ्याच्या पोराला बीडच्या शेतकऱ्याला वेगळी ओळख सांगायची गरज नव्हती. महाराष्ट्रात तेव्हा लोकसभेच्या ४५ जागा होत्या आणि काँग्रेसनं त्यातल्या ३७ जिंकल्या. भारतीय कम्युनिस्ट पक्षाला दोनच मिळाल्या. मुंबईत श्रीपाद अमृत डांगे आणि बीडमध्ये नाना पाटील.

दिल्लीत काय घडत होतं?

१९६७ पर्यंत लोकसभा आणि विधानसभा यांची निवडणूक एकत्रच व्हायची. बीडच्या मतदारानंही त्या वर्षी खासदार आणि आमदार एकाच वेळी निवडले. दोघांचीही मुदत १९७२ पर्यंत होती.

पण १९६९ मध्ये काँग्रेस फुटली. इंदिरा गांधींच्या हातात स्वतःचं बहुमत राहिलं नाही. सरकार तरलं ते बाहेरच्या पाठिंब्यावर. त्यात द्रमुक होता आणि भारतीय कम्युनिस्ट पक्षही होता. या पक्षाचे १९६७ मध्ये २३ खासदार निवडून आले होते. म्हणजे बीडची जागा ही दिल्लीचं सरकार टिकवणाऱ्या आकड्याचा एक भाग बनली होती.

पंतप्रधानांना मात्र हा टेकू कायमचा नको होता. १९७० मध्ये संस्थानिकांचे तनखे बंद करणारं विधेयक राज्यसभेत थोडक्यात पडलं. मग राष्ट्रपतींच्या आदेशानं तनखे बंद केले, तर डिसेंबरमध्ये सर्वोच्च न्यायालयानं तो आदेश रद्द केला. इंदिरा गांधींनी थेट लोकांकडं जायचं ठरवलं. २७ डिसेंबर १९७० ला लोकसभा विसर्जित झाली. मुदत संपायला अजून वर्षाहून जास्त काळ होता.

यात खासदाराला कुणी विचारत नाही, हे लक्षात घ्या. राज्यघटनेप्रमाणं पंतप्रधान आणि त्यांचं मंत्रिमंडळ सल्ला देतं आणि राष्ट्रपती लोकसभा विसर्जित करतात. राज्यात तेच काम राज्यपाल करतात. तुमचा खासदार कितीही मतांनी आलेला असो, सभागृह गेलं की त्याची खासदारकी गेली. नाना पाटलांचंही तेच झालं. बीडनं दिलेली पाच वर्षं चौथ्या वर्षातच संपली.

मार्च १९७१ मध्ये निवडणूक झाली. इंदिरा गांधींच्या काँग्रेसला देशात ३५२ जागा मिळाल्या. बीडमध्ये काँग्रेसचे सयाजीराव पंडित निवडून आले. आता सरकारला कम्युनिस्टांच्या टेकूची गरज उरली नाही. महाराष्ट्र विधानसभेची निवडणूक मात्र ठरल्या वेळी १९७२ मध्ये झाली. लोकसभा आणि विधानसभेच्या निवडणुका वेगळ्या झाल्या त्या इथून.

आधी मुदतपूर्व, मग मुदतीनंतर

गोष्ट इथं संपत नाही. १९७१ च्या लोकसभेची मुदत मार्च १९७६ मध्ये संपणार होती. पण तेव्हा आणीबाणी होती आणि आणीबाणीत लोकसभेची मुदत एकेका वर्षानं वाढवता येते. ती दोनदा वाढवली गेली. ज्या सरकारनं आधीची निवडणूक वर्षभर अलीकडं आणली होती, त्याच सरकारनं पुढची लांबवली.

याच काळात, ६ डिसेंबर १९७६ ला, क्रांतिसिंह नाना पाटील गेले. त्यानंतर सहा-सात आठवड्यांत, जानेवारी १९७७ मध्ये, निवडणूक जाहीर झाली. ती बघायला नाना नव्हते. बीडनं त्या निवडणुकीत पुन्हा डाव्यांनाच कौल दिला आणि मार्क्सवादी कम्युनिस्ट पक्षाचे गंगाधरअप्पा बुरांडे खासदार झाले.

आज हे का आठवायचं?

डिसेंबर २०२४ मध्ये एकत्र निवडणुकांचं विधेयक लोकसभेत मांडलं गेलं आणि संयुक्त संसदीय समितीकडं गेलं. त्यात एक तरतूद अशी आहे की सभागृह मुदतीआधी विसर्जित झालं, तर नवीन सभागृह फक्त उरलेल्या काळापुरतंच राहील. हा नियम १९७१ मध्ये असता, तर त्या लोकसभेला जेमतेम वर्षच मिळालं असतं. त्यामुळं सोयीची वेळ साधून निवडणूक लावण्याचा मोह कमी होईल, असं समर्थक मानतात. विरोधक म्हणतात की पूर्ण पाच वर्षांसाठी सरकार निवडण्याचा मतदाराचा हक्क त्यात कमी होतो.

बीडच्या माणसासाठी निवडणुकीच्या तारखेला आणखी एक अर्थ आहे. दिवाळीच्या आसपास इथून ऊसतोड मजुरांच्या टोळ्या कोयता घेऊन निघतात आणि उन्हाळ्याच्या तोंडावर परततात. त्यातल्या कितीतरी टोळ्या जातात त्या सांगली-साताऱ्याकडंच, नाना पाटलांच्या मुलखात. मतदान नेमकं हंगामात आलं, तर मतदार फडात आणि मतदान केंद्र गावात, अशी गत होते.

म्हणून पुढच्या वेळी मुदतपूर्व निवडणुकीची चर्चा कानावर आली, की कुणाला किती जागा मिळतील याच्याबरोबर आणखी एक प्रश्न विचारून बघा. तारीख कुणाच्या सोयीची आहे? बीडच्या मतदारानं १९६७ मध्ये क्रांतिसिंहांना पाच वर्षांसाठी दिल्लीला पाठवलं होतं. त्यांना परत बोलावलं ते बीडनं नाही, दिल्लीनं.